चक्रीवादळातील वाऱ्याचे संगणकीय अंदाज आणि किनाऱ्याआडचा प्रदेश : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. तत्पूर्वी भारतीय हवामान विभागाने प्रसृत केलेल्या इशाऱ्यांत हे वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास, किनारा ओलांडेल असे म्हटले होते. हा पट्टा अडीचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे आणि पालघर जिल्ह्याचा संपूर्ण किनारा त्यात येतो. रायगड, मुंबई, ठाणे व पालघर अशी जिल्ह्यांची नावे घेऊन ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची सूचना देण्यात आली होती. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पालघरच्या किनाऱ्यावर मात्र तसा वारा आला नाही.

या अंदाजास चुकीचा म्हणता येणार नाही. वादळ सांगितलेल्या पट्ट्यातच आले, सांगितलेल्या दिवशी आले आणि त्याची तीव्रताही सांगितल्याप्रमाणेच होती. किनाऱ्यावरील हजारो माणसे वेळेत हलविता आली हे त्या अंदाजाचे यश होय. प्रश्न निराळा आहे. ‘पालघर’ या एका नावाखाली जो वाऱ्याचा आकडा दिला गेला, तो जिल्ह्यातील नेमक्या कोणत्या भूमीला उद्देशून होता? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात वसई, पालघर, डहाणू, तलासरी हे सागराशी नाते असलेले तालुके आहेत, तसेच वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे डोंगरी तालुकेही आहेत. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असून किनाऱ्यापासून त्याचे सरळ अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. मोखाडा त्याच्याही पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या सान्निध्यात आहे. केळव्याच्या सुरूच्या बनात आणि मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर एकाच वादळाचा वारा एकाच वेगाने वाहील असे कोणीही मानणार नाही. तरीही अंदाजाच्या भाषेत दोहोंना एकच आकडा लागू होतो. संगणकीय अंदाजांत गेल्या दोन दशकांत झालेल्या सुधारणेची चिकित्सा या विसंगतीच्या अंगाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंदाजाची भाषा

हवामान विभागाच्या मूळ वार्तापत्रातील शब्दयोजना काळजीपूर्वक केलेली असते. तीव्र वाऱ्याचा इशारा ‘किनाऱ्यालगत व किनाऱ्यापासून दूर समुद्रात’ अशा अर्थाच्या शब्दांनी मर्यादित केलेला असतो आणि त्यापुढे कंसात जिल्ह्यांची नावे येतात. वार्तापत्र जिल्हा प्रशासनाकडे, तेथून तहसील कार्यालयाकडे आणि पुढे ग्रामपंचायतीकडे जाते, तेव्हा ही मर्यादा गळून पडते आणि जिल्ह्याचे नाव तेवढे उरते. ‘पालघरला ताशी ११० किलोमीटर वेगाचा वारा’ हे वाक्य असे तयार होते. ते कोणी मुद्दाम रचलेले नाही, पण मूळ वार्तापत्रातही ते नाही.

वेगाच्या आकड्याचा अर्थही तितकाच निसरडा आहे. हवामान विभाग दहा मीटर उंचीवरील वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाची सरासरी वापरतात, तर जागतिक हवामान संघटनेचे प्रमाण दहा मिनिटांचे आहे. घराच्या छपराला मात्र सरासरी ठाऊक नसते. ते उडते तीन-चार सेकंदांच्या झोताने. म्हणूनच इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, तीन सेकंदांचा झोत हाच आधार मानते. त्यानुसार मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, तर नाशिकसाठी ३९ मीटर धरला जातो. जव्हार-मोखाडा या दोहोंच्या मधे आहे, भूगोलानेही आणि प्रशासकीय लक्षानेही.

याच मानकात एक महत्त्वाची तरतूद आहे. तीन अंशांहून अधिक उतार असलेल्या टेकडीच्या वा कड्याच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग १.३६ पटीपर्यंत वाढवून धरावा असे ते सांगते. भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो सुमारे १.८५ पट होतो. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत चक्रीवादळप्रवण किनाऱ्यालगतच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी महत्त्वाच्या इमारतींना आणखी एक वाढीव गुणक दिला आहे. मात्र त्या पट्ट्यात पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा गणला जातो, महाराष्ट्राचा नाही. बांधकामाचे शास्त्र टेकडीचा माथा ओळखते. अंदाजाचे वार्तापत्र तो ओळखत नाही.

मार्ग सुधारला, वारा मागे राहिला

चक्रीवादळाच्या अंदाजातील प्रगती सामान्यतः दोन मापांनी मोजली जाते. वादळाच्या केंद्राचा मार्ग किती अचूक सांगितला, हे पहिले माप. त्याची कमाल तीव्रता किती अचूक सांगितली, हे दुसरे. पहिल्या मापात भारताची कामगिरी वाखाणण्याजोगी आहे. चोवीस तास आधीच्या मार्ग-अंदाजातील सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाच्या काळाशी तुलना केली असता हा पल्ला किती मोठा आहे हे ध्यानात येते.

दुसऱ्या मापाची कथा मंद आहे. अमेरिकेत २००४ व २००५ या दोन भीषण हंगामांनंतर, विशेषतः ‘कॅटरिना’नंतर, २००९ पासून एक स्वतंत्र सुधारणा प्रकल्प राबविला गेला. पाच वर्षांत २० टक्के आणि दहा वर्षांत ५० टक्के चूक कमी करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यातून परिपक्व झालेले ‘एचडब्ल्यूआरएफ’ हे चक्रीवादळासाठीचे खास प्रारूप भारतानेही स्वीकारले. वादळाबरोबर सरकणारे दोन किलोमीटर अंतराचे बारीक जाळे त्यात वापरले जाते. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याच्या पुढचे ‘हॅफ्स’ हे प्रारूप कार्यान्वित केले. भारताच्या जागतिक प्रारूपांचे जालक १२ किलोमीटरचे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटर जालकाची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

या साऱ्या प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. मार्ग आणि कमाल तीव्रता ही दोन्ही मापे वादळाची आहेत, स्थळाची नाहीत. वादळात कोठेतरी असणारा सर्वाधिक वारा किती, याचे उत्तर अचूक मिळाले म्हणून जव्हारच्या बाजारपेठेत किती वारा असेल, याचे उत्तर मिळत नाही. प्रारूप पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होऊन दुसऱ्यात सपशेल अनुत्तीर्ण होऊ शकते आणि प्रचलित मूल्यमापनात ते दिसणारही नाही.

किनारा ओलांडताना

समुद्रावरील वारा आणि जमिनीवरील वारा यांत जो फरक पडतो, तो प्रामुख्याने पृष्ठभागाच्या घर्षणामुळे. सागराचा पृष्ठभाग वादळातही तुलनेने गुळगुळीत असतो. २००३ मध्ये पॉवेल, व्हिकरी व राइनहोल्ड यांनी विमानातून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून असे दाखविले, की वारा सेकंदाला तेहतीस मीटरच्या आसपास पोचल्यावर समुद्राचे घर्षण वाऱ्याबरोबर वाढत राहात नाही, ते स्थिरावते. पूर्वीची सूत्रे घर्षण वाढतच जाते असे धरून चालत असल्याने प्रबळ वादळांतील वारा चुकीचा काढीत होती. जमिनीवर गणित उलटे होते. झाडी, वस्ती, डोंगर यांमुळे सरासरी वारा किनारा ओलांडताच मंदावतो, परंतु खळबळ वाढते. म्हणजे सरासरी कमी होते, पण झोत आणि सरासरी यांतील अंतर रुंदावते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने केवळ सरासरी वेग सांगणारा अंदाज जमिनीवर निम्मेच सत्य सांगतो.

जमिनीवर आलेल्या वादळाचा ऱ्हास किती वेगाने होतो, यासाठी कॅप्लन व डीमारिया यांनी १९९५ मध्ये मांडलेले अनुभवसिद्ध सूत्र प्रसिद्ध आहे. किनारा ओलांडताच कमाल वारा एक दशांशाने कमी होतो आणि नंतर तो कालानुसार घातांकी रीतीने घटत जातो, असे ते सांगते. ताशी ११० किलोमीटरच्या वादळाला ते लावल्यास सहा तासांनंतर ताशी ७८ किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. हे सूत्र अमेरिकेच्या तुलनेने सपाट आग्नेय किनाऱ्यावरील वादळांवरून बांधलेले आहे. भारतासाठी रॉय भौमिक, कोटल व कलसी यांनी २००५ मध्ये असेच सूत्र दिले. परंतु भारताच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या वादळांत बंगालच्या उपसागरातील वादळांचा वाटा फार मोठा राहिला आहे आणि ती ओलांडतात तो प्रदेश महानदी-गोदावरीच्या सपाट त्रिभुज प्रदेशांचा आहे. अरबी समुद्रातून महाराष्ट्रात येणाऱ्या वादळापुढे पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत उभी असते. पूर्व किनाऱ्याचे अंकगणित येथे तसेच्या तसे चालावे, असे मानण्यास आधार नाही. शिवाय हे सूत्रही वादळातील कमाल वाऱ्याचेच आहे. एखाद्या गावाच्या वाट्याला काय येईल, हे ते सांगत नाही.

जालकाचा प्रश्न

संगणकीय प्रारूप वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी एकच सरासरी मूल्य काढते. १२ किलोमीटरच्या जालकात डहाणूच्या किनाऱ्यापासून जव्हारपर्यंत जेमतेम चार-पाच चौकोन बसतात. त्यातही प्रारूपाला एखादी रचना विश्वासार्हपणे दाखविण्यासाठी अनेक चौकोनांची रुंदी लागते. त्यामुळे किनाऱ्याची रेषा, जव्हारचे पठार, वैतरणा-पिंजाळ-वाघ या नद्यांच्या अरुंद दऱ्या आणि सह्याद्रीचा कडा हे सारे एकमेकांत मिसळून एक संथ चढण तयार होते. संगणकाच्या लेखी तेथे कडा नसतो. जो कडा मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणारा प्रवासी एसटीच्या खिडकीतून पाहतो, तो प्रारूपात अस्तित्वातच नाही.

६ किंवा २ किलोमीटरच्या जालकाने हे चित्र निश्चितच सुधारते. परंतु जाळे बारीक केले की वारा आपोआप अचूक होतो, ही समजूत तपासून पाहावयास हवी. चौकोनाच्या आत घडणाऱ्या खळबळीचे वर्णन प्रारूप सूत्रांनी करते आणि त्या सूत्रांतील गुणांक कोठून तरी घ्यावे लागतात. ‘एचडब्ल्यूआरएफ’मधील सीमास्तर, म्हणजे जमिनीला वा समुद्राला लागून असलेला वातावरणाचा थर, प्रारंभी प्रमाणाबाहेर घुसळला जात होता. तो दोष दूर करण्यासाठी ‘ॲलन’ (१९८०) आणि ‘ह्यूगो’ (१९८९) या अटलांटिक वादळांत सुमारे ५०० मीटर उंचीवरून विमाने नेऊन घेतलेल्या दुर्मीळ नोंदींचा आधार घेण्यात आला. भारतात वादळात विमान नेऊन मापन करण्याची नियमित व्यवस्था नाही. तेव्हा येथील प्रारूपाचा सीमास्तर हा एका अर्थी उसना आहे. तो अटलांटिक महासागरावर, आणि खुल्या समुद्रावर, जुळविलेला आहे.

योगायोगाचा भाग असा, की ज्या उंचीवर ती विमाने उडाली, जवळजवळ त्याच उंचीवर जव्हार वसले आहे. चक्रीवादळात वाऱ्याचा वेग पृष्ठभागापासून वर जाताना वाढत जातो आणि सर्वाधिक वारा बहुधा अर्धा ते एक किलोमीटर उंचीच्या थरात आढळतो. पठार समुद्रावरील हवेच्या नेमक्या त्या थराच्या वाटेत उभे राहते. याचा अर्थ जव्हारला किनाऱ्याहून अधिक वारा सुटतो असा सरधोपट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हवा डोंगरावर चढताना आपला थरही काही अंशी बरोबर नेते आणि जमिनीचे घर्षण तेथेही असतेच. परंतु किनाऱ्याच्या आकड्यातून ‘अंतरानुसार इतके वजा’ करून पठाराचा वारा काढणे तितकेच चूक आहे.

दोन वादळे, दोन दिशा

या मुद्द्याचा सर्वांत उद्बोधक भाग दिशेशी निगडित आहे आणि तो चर्चेत क्वचितच येतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. ‘निसर्ग’ किनारा ओलांडून ईशान्येकडे, पुणे-नाशिकच्या दिशेने सरकले. जव्हार-मोखाडा या मार्गाच्या डावीकडे, केंद्राच्या वायव्येस राहिले. अशा स्थितीत तेथे येणारा वारा ईशान्येचा, म्हणजे सह्याद्रीवरून खाली उतरणारा असतो. वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग डाव्या बाजूस फिरत्या वाऱ्यातून वजा होतो, त्यामुळे ही बाजू सौम्य राहते. श्रीवर्धन-दापोलीला जे भोगावे लागले, ते पालघरला भोगावे लागले नाही, याचे कारण निव्वळ दैव नव्हे, ही भूमिती आहे.

वर्षभरातच १७ मे २०२१ रोजी ‘तौते’ हे अतितीव्र चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या पश्चिमेकडून, समुद्रातूनच, उत्तरेस गेले आणि त्या रात्री दीव-उना परिसरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. या वेळी पालघर जिल्हा मार्गाच्या उजवीकडे, प्रबळ बाजूस होता. वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि अखेरीस नैर्ऋत्येकडून, म्हणजे थेट समुद्रावरून, फिरत आला. किनारा न ओलांडलेल्या वादळाने ओलांडलेल्या वादळापेक्षा या जिल्ह्याची कसोटी अधिक घेतली. अंदाजाचे सारे लक्ष ‘वादळ कोठे धडकणार’ या प्रश्नाभोवती फिरत असताना या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे.

जव्हारच्या पठारावर ईशान्येचा वारा येतो तेव्हा त्याने डोंगर आणि जंगल तुडविलेले असते. त्यात खळबळ अधिक आणि दरीच्या तोंडाशी एकवटण्याची प्रवृत्ती असते. नैर्ऋत्येचा वारा येतो तेव्हा तो समुद्र, सखल पट्टा आणि पठाराचा चढ या क्रमाने येतो. पठाराच्या पश्चिम कडेवर, जेथे चढ संपतो, तेथे त्याचा वेग वाढण्याची शक्यता असते. म्हणजे एकाच गावाला दोन दिशांसाठी दोन निरनिराळे गुणक लावावे लागतील. सर्वसाधारण ‘खडबडीतपणा’ची एक संख्या प्रत्येक चौकोनाला देऊन हे साधत नाही. दिशानिहाय गुणक काढणे संगणकाला जड नाही. भूप्रदेशाची उंची आणि भूमिवापर यांची उपग्रहाधारित माहिती आज उपलब्ध आहे, प्रारूपाने दिलेला वारा त्यावरून खाली उतरविण्याच्या पद्धतीही ज्ञात आहेत. पवनचक्क्यांच्या जागा निवडताना अभियंते हेच करतात. वीजनिर्मितीसाठी जे गणित केले जाते ते पाड्यांसाठी का होऊ नये, हा प्रश्न तांत्रिक नाही.

वेध आणि पडताळा

गुणक काढले तरी ते बरोबर आहेत हे कशावरून ठरवायचे? येथे सर्वांत मोठी उणीव जाणवते. जिल्ह्यातील हवामान विभागाची परिचित वेधशाळा डहाणूला, समुद्रकाठी आहे. मुंबईतील रडारांचा येथे किती उपयोग होतो, हे साध्या भूमितीने पडताळता येते. कुलाब्याहून जव्हार सुमारे १२० किलोमीटर आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला रडारचा किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे तेथे पोचेपर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झालेले जोगेश्वरी-वेरावलीचे रडार जवळचे असले तरी त्याचाही किरण जव्हारवरून सुमारे दीड किलोमीटर उंचीने जातो. रडार पठारावरील पाऊस पाहू शकते, छपरावरचा वारा नाही.

महाराष्ट्र शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाने २०१७ पासून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. वाऱ्याचा वेग व दिशा त्यांत नोंदली जाते. या केंद्रांचा मुख्य उपयोग पीकविमा व कृषिसल्ला यांसाठी होत असला, तरी डोंगरी तालुक्यांतील वाऱ्याचा असा दाट संग्रह यापूर्वी कधीच नव्हता. अर्थात शेतीसाठी बसविलेले केंद्र इमारतीच्या वा झाडांच्या आडोशाला असेल तर त्याचा वारा प्रारूपाच्या दहा मीटरवरील वाऱ्याशी थेट ताडता येत नाही. प्रत्येक केंद्राच्या आठ दिशांचा आडोसा एकदा नोंदवून ठेवला, तर ही अडचण बव्हंशी सुटते. हे काम महासंगणकाचे नाही. होकायंत्र आणि मोजपट्टी घेऊन भूगोल विभागाचे पदवी वर्गातील विद्यार्थी ते करू शकतात.

या आकडेमोडीला वजन येते ते छपरांमुळे. वाऱ्याचा दाब ताशी ६० किलोमीटरला दर चौरस मीटरी सुमारे १७ किलो, ९० किलोमीटरला ३८ किलो आणि १२० किलोमीटरला ६८ किलो इतका भरतो. आठ फूट बाय तीन फुटांचा पत्रा सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास असतो व त्याचे स्वतःचे वजन दहा किलोच्या घरात असते. ताशी ९० किलोमीटरच्या झोतात त्यावर ऐंशी किलोहून अधिक ओढ येऊ शकते. पत्र्यावर ठेवलेले दगड ताशी ६० ला पुरे पडतील, ९० ला नाही. अंदाजातील तीस किलोमीटरची चूक तज्ज्ञांच्या तक्त्यात किरकोळ वाटते. कुडाच्या भिंतींवर पत्रे टाकलेल्या वारली, कोकणा वा कातकरी कुटुंबाच्या घरी ती भाराची सव्वादोन पट चूक असते. उलट बाजूही विसरता येत नाही. किनाऱ्याचा ११० चा आकडा पठारावर दोनदा ऐकून दोनदा वारा न आल्यास तिसऱ्या वेळी कोणी ऐकणार नाही, आणि तिसरे वादळ ‘तौते’सारखे उजवी बाजू दाखविणारे असू शकेल.

म्हणून वार्तापत्रात पहिली भर घालावयाची तर ती वेगाची नसून दिशेची असावी. वेगाच्या स्थानिक अंदाजात अनिश्चितता दीर्घकाळ राहणार आहे. पण केंद्राचा मार्ग आज ज्या अचूकतेने कळतो, त्यावरून तालुक्याला वारा कोणत्या बाजूने येईल आणि किती वाजता फिरेल, हे बारा तास आधी बऱ्याच खात्रीने सांगता येते. जव्हार-मोखाड्यातील घराची पावसाळी तयारी नैर्ऋत्येकडून येणाऱ्या झडीला धरून केलेली असते. त्या बाजूस गवताचा वा पानांचा आडोसा उभारतात, पागोळी खाली ओढतात, दगडही तिकडेच अधिक ठेवतात. ‘निसर्ग’च्या दिवशी वाऱ्याची बाजू ईशान्य होती.